बोटीवरच्या जेवणाला पैठणी चालेल का?

पत्र थोडक्यात असं: ताई विलेपार्ल्याच्या, वय ६२, बँकेतून निवृत्त. यजमान ६६ वर्षांचे, महापालिकेच्या पाणी खात्यात इंजिनिअर होते. मुलगा-सून लंडनजवळ असतात. येत्या जूनमध्ये साउथहॅम्प्टनहून नॉर्वेला जाणारी सात रात्रींची क्रूझ मुलाने ठरवली आहे आणि दोन्हीकडच्या आईवडिलांना सोबत घेतलं आहे. सुनेने घरच्या ग्रुपवर कपड्यांची यादी टाकली: दोन ‘फॉर्मल नाइट’, पुरुषांना सूट-टाय, बायकांना गाऊन. विहीणबाईंच्या आधीच तीन क्रूझ झाल्या आहेत, त्यांनी दोन गाऊन घेतलेसुद्धा. ताईंनी पैठणीचं नाव काढलं तेव्हा त्या फोनवर म्हणाल्या, “पैठणी जरा लग्नासारखी नाही का दिसणार?” यजमानांनी जन्मात सूट घातलेला नाही. शिंप्याने २० हजार सांगितले तसे ते म्हणाले, “दोन जेवणांसाठी एवढे पैसे घालायचे नाहीत. त्या दिवशी तुम्ही जा, मी खोलीत काहीतरी खाईन.” मुलाच्या लग्नातला जोधपुरी कपाटात आहे, पण यादीत ‘सूट’ लिहिलंय म्हणून त्याचा कुणी विचारच केलेला नाही. ताई विचारतात, “साडी नेसले तर आम्ही गावंढळ दिसू का? मुलाला कमीपणा येईल का? यांना सूटसाठी कसं तयार करू?” आणि अगदी शेवटी, सहीच्या वर एक ओळ: “परवा दुकानात एक गडद निळा लांब ड्रेस पाहिला. घालून बघावासा वाटला, पण या वयात काय ते.”

ताई,

साडीचं आधी सांगून टाकते, कारण ते सगळ्यात सोपं आहे. चालेल. नुसती चालेल असं नाही, शोभून दिसेल.

बोटीच्या कंपन्या ‘फॉर्मल’ म्हणतात तेव्हा बायकांसाठी गाऊन हा एक पर्याय असतो, अट नसते. संध्याकाळच्या समारंभाला साजेसा पोशाख एवढंच त्यांना हवं असतं. साउथहॅम्प्टनहून बोटी सोडणाऱ्या कंपन्यांत क्यूनार्ड जुनी आणि कपड्यांच्या बाबतीत काटेकोर म्हणून ओळखली जाते. तिच्या ‘गाला’ म्हणजे खास समारंभाच्या संध्याकाळी पुरुषांनी डिनर जॅकेट किंवा गडद सूट घालावा अशी अपेक्षा असते, आणि त्याच नियमांत राष्ट्रीय पोशाखालाही जागा आहे. स्कॉटिश पुरुष तिथे किल्ट हा त्यांचा घागऱ्यासारखा पारंपरिक पोशाख घालून जेवायला बसतात. अगदी दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन, तिने २००० साली ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ आणि फॉर्मल कपडे ही सगळी सक्तीच सोडून दिली. बाकीच्या कंपन्या या दोघींच्या मध्ये कुठेतरी येतात. तुमची बोट कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून तिचा नियम काय तो मी इथून सांगणार नाही. पण सुनेची यादी म्हणजे कंपनीचा नियम नव्हे, हे मात्र नक्की. नियम वाचून तिला जे समजलं ते तिने लिहिलं, आणि तेही काळजीपोटी, आयत्या वेळी कुणाची पंचाईत होऊ नये म्हणून. तिच्यावर रागावू नका. तिलाच सांगा, “मूळ नियम पाठव, मला वाचायचाय.”

आता ‘गावंढळ’ या शब्दाकडे वळते. तो वाचून मला वाईट वाटलं. इतकी वर्षं तुम्ही साडी नेसून बँकेत गेलात. ऑडिटला, बड्या साहेबांच्या भेटीला, बढतीच्या मुलाखतीला गेलात, त्या साडीतच ना? निऱ्या सारख्या करून, पदर पिनअप करून निघालात तो तुमचा फॉर्मल पोशाखच होता. मग साउथहॅम्प्टनला पोचल्यावर तो फॉर्मल कसा राहत नाही? आपल्याकडे अजून मनात कुठेतरी बसलंय की फॉर्मल म्हणजे साहेबाचं आणि आपलं ते घरगुती. हे फक्त तुमच्या मनात आहे असं नाही. २०१४ साली चेन्नईत उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसून आले म्हणून एका क्लबाने दारातून परत पाठवलं होतं. त्यावर एवढा गदारोळ झाला की त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने वेष्टीवरून कुणाला अडवता येणार नाही असा कायदा केला. म्हणजे आपल्याच देशात, आपल्याच माणसांनी चालवलेल्या क्लबात हे होत होतं. जेवणाच्या हॉलच्या दाराशी आपले पाय अडखळतात ते या जुन्या धाकाने. बोटीवरच्या माणसाने तोवर आपल्याला काही म्हटलेलंसुद्धा नसतं.

आमच्या घरचीच एक गोष्ट सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ जण एका बोटीवर होतो. फॉर्मल संध्याकाळी माझे थोरले दीर बदामी रेशमी झब्बा, चुडीदार आणि वर काळं जाकीट घालून निघाले. पायात खास या प्रवासासाठी घेतलेली कोल्हापुरी, नवी, करकर वाजणारी. डायनिंग हॉलच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाने हसून स्वागत केलं, मग त्याची नजर खाली गेली आणि त्याने हळूच हात आडवा केला. जाऊबाईंचा चेहरा खाडकन उतरला. “झब्बा चालत नाही वाटतं,” त्या पुटपुटल्या. आम्ही सगळे गप्प. शेवटी भाची पुढे झाली आणि तिने सरळ विचारलं. तो माणूस म्हणाला, कपडे सुंदर आहेत, फक्त पुरुषांना संध्याकाळी उघडी पादत्राणं चालत नाहीत. दीर खोलीत जाऊन मोजे आणि काळे बूट चढवून दहा मिनिटांत परत आले आणि पोटभर जेवले. जाऊबाई मात्र त्या रात्री नुसत्या चमचा फिरवत बसल्या होत्या. त्यांचा अपमान कुणीच केला नव्हता, पण त्या दहा मिनिटांत तो त्यांच्या मनात होऊन गेला होता आणि नंतर काही केल्या पुसला जाईना. मला अजून वाटतं, भाचीने विचारलं ते आमच्यापैकी कुणीतरी पहिल्या मिनिटाला विचारायला हवं होतं.

म्हणून माझं पहिलं काम तुम्हाला हेच: विचारा. कंपनीला ईमेल करा. फॉर्मल संध्याकाळी बायकांना रेशमी साडी आणि पुरुषांना बंद गळ्याचा जोधपुरी चालेल ना, पुरुषांच्या पादत्राणांबद्दल काय नियम आहे, असं स्पष्ट लिहा आणि जोधपुरीचा फोटो जोडा. उत्तर आलं की फोनमध्ये जपून ठेवा. दाराशी कुणी नवखा माणूस असला तर दाखवता येतं.

हे सगळं असलं तरी ‘मी माझ्या मनाला येईल ते घालणार, काय ते बघा’ असंही मी तुम्हाला सांगणार नाही. त्या संध्याकाळी हॉलमधला प्रत्येक जण थोडी मेहनत घेऊन आलेला असतो. कुणी वर्षभर पैसे साठवून लग्नाचा वाढदिवस साजरा करायला आलेलं असतं. आपण मुंजीला, साखरपुड्याला जाताना घडी मोडायला एखादी साडी काढतो ती बोलावणाऱ्यांचा मान म्हणून, तसंच हे. रोजची सुती साडी आणि पायात सपाता असं तिथे बरं दिसणार नाही, जसं ते पार्ल्यातल्या कार्यालयातही दिसत नाही.

पैठणी ‘लग्नासारखी’ दिसेल का? दिसेल. तिथले गाऊनही आपल्या रिसेप्शनच्या तोडीचेच असतात, टिकल्यांनी लखलखणारे. पैठणीने तिथे काही वेगळं घडणार नाही. प्रश्न तुमच्या सोयीचा आहे. जेवण चार-पाच पदार्थांचं, दीड-दोन तास चालणारं, हॉलमधला एसी कडक, आणि समुद्र खवळलेला असला तर चालताना बोट हलते. तेव्हा दोन फॉर्मल रात्रींपैकी एकीला पैठणी आणि दुसरीला हलकं काही, टसर किंवा माहेश्वरी. बाकीच्या रात्री, ज्यांना बहुतेक कंपन्या स्मार्ट कॅज्युअल म्हणतात, त्यांना इरकल, खणाचा कुर्ता किंवा चांगला पंजाबी ड्रेस पुरतो.

आता तुमच्या पत्रातल्या मला सगळ्यात जास्त लागलेल्या वाक्याकडे येते. “मी खोलीत काहीतरी खाईन.”

हे वाक्य याआधी मुंबईहूनच निघालेला एक प्रवासी जगला आहे. ४ सप्टेंबर १८८८ ला अठरा वर्षांचे मोहनदास गांधी मुंबईहून विलायतेच्या बोटीवर चढले. काटे-सुऱ्या कशा धरायच्या ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि कुठल्या पदार्थात मांस नाही हे विचारायचं धाडस होत नव्हतं. म्हणून ते टेबलावर कधी गेलेच नाहीत. घरून आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खाल्ली. त्यांच्या खोलीत जुनागढचे एक वकील होते, ते परोपरीने सांगायचे की लोकांत मिसळ, बोल. बोटीवर गांधींनी काळा सूट वापरला आणि मित्रांनी करून दिलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवला, पांढरं चांगलं दिसेल म्हणून. तुम्ही ज्या बंदरातून निघणार आहात त्याच साउथहॅम्प्टनला ते, त्यांच्या आठवणीप्रमाणे, सप्टेंबरअखेरीस उतरले तर पांढऱ्या कपड्यांतले ते एकटेच. सामान आणि किल्ल्या एजंटाकडे, दुसऱ्या दिवशी रविवार, त्यामुळे कपडे बदलायचीही सोय नाही. पुढे आत्मचरित्रात त्यांनी हा संकोच प्रांजळपणे लिहिला आहे. मला त्यात कपड्यांपेक्षा ती खोली दिसते. इतक्या दिवसांच्या प्रवासात हा मुलगा एकटा बसून मिठाई खात होता, कारण विचारायला लाज वाटत होती.

तुमच्या यजमानांचं ‘नाही’ खरंच वीस हजारांसाठी आहे का, हे तुम्ही त्यांना विचारलंत? असेलही. ज्या माणसाने सगळी नोकरी बुशशर्टात काढली आणि त्या पगारात घर उभं केलं, त्याला दोन रात्रींसाठी सूट शिवणं पटत नसेल तर त्यात चूक काहीच नाही, आणि त्यांना ‘तयार’ करायचीही गरज नाही. पण कदाचित त्यांना व्याह्यांसमोर टाय घालून अवघडून बसायचं नसेल. कदाचित काटा-सुरी असेल. कदाचित मुलाच्या पैशाने फिरायचं हेच टोचत असेल आणि सूट हे निमित्त असेल. साठी ओलांडलेले आपल्याकडचे पुरुष यातलं काही आपण होऊन बोलत नाहीत. सगळ्यांसमोर विचारू नका. संध्याकाळी फिरायला जाता तेव्हा, दोघंच असताना विचारा, आणि उत्तराला वेळ द्या.

काट्या-सुरीचं असेल तर त्यांना सांगा की बाहेरच्या बाजूपासून सुरुवात करत आत यायचं, एवढाच त्यातला नियम, आणि चमचा मागितला तर लगेच देतात. मेन्यूवर शाकाहारी पदार्थांपुढे खूण असते. नसली तर वाढणाऱ्याला विचारायचं, त्याचं ते कामच आहे.

आणि कपड्यांचं उत्तर तुमच्या कपाटातच आहे. जोधपुरी. बंद गळा असल्यामुळे टायचा प्रश्न नाही, आणि ते त्यांनी मुलाच्या लग्नात घातलेलं आहे, त्यामुळे परकंही वाटणार नाही. गडद रंगाचा असेल तर उत्तमच. मोतिया किंवा मरून असेल तर खाली काळी पँट घालू द्या. आज संध्याकाळीच घालायला लावा, कारण लग्नानंतर पोट थोडं पुढे आलेलं असणार. अशा कोटाच्या शिलाईत बहुतेक वेळा आत मार्जिन ठेवलेलं असतं, शिंपी टाके उसवून सैल करून देतो, काही शेकड्यांत काम होतं. सोबत काळे बंद बूट आणि काळे मोजे. कंपनीने जोधपुरीला नाही म्हटलं तर गडद ब्लेझर, पांढरा शर्ट आणि मुलाचा एखादा टाय, किंवा भाड्याने सूट. लग्नाचे कपडे भाड्याने देणारी दुकानं मुंबईत पुष्कळ आहेत, फक्त आठ-दहा दिवसांसाठी देतात का ते आधी विचारा.

यातलं काहीच त्यांना नको असेल तरी खोली नको. अशा बोटींवर बुफेचं वेगळं रेस्टॉरंट असतं, तिथे फॉर्मल रात्रीही साध्या नीटनेटक्या कपड्यांत जेवता येतं. दुसऱ्या फॉर्मल रात्री तुम्ही दोघं तिथे खिडकीजवळ बसा, किंवा सगळे सहाजण तिथेच जा. कितीतरी कुटुंबं असं करतात. तुमच्या मुलाला आईबाबा टेबलावर हवे आहेत, म्हणून तर त्याने तिकिटं काढली. बाबांची खुर्ची रिकामी राहिली तर त्याला जे वाटेल, ते त्यांच्या जोधपुरीमुळे नक्कीच वाटणार नाही.

विहीणबाईंबद्दल एवढंच, की त्यांना फोन करा आणि मागच्या तीन क्रूझना काय काय नेलं होतं ते विचारा. त्यांचा अनुभव आहे, सांगायला आवडेल. पैठणीबद्दलचं वाक्य त्यांनी टोमणा म्हणून म्हटलं की सहज, हे तुम्हालाही ठाऊक नाही. त्यांनाही कदाचित आपल्या दोन गाऊनची धाकधूक असेल.

आणि आता सहीच्या वरची ती ओळ. गडद निळा लांब ड्रेस.

ताई, इतका वेळ मी साडीची बाजू घेत होते ती तुम्ही भीतीपोटी साडी सोडू नये म्हणून. पण भीतीपोटी साडीला चिकटूनही राहू नका. सगळ्या पत्रात सून काय म्हणते, विहीणबाई काय म्हणतात, यजमान काय म्हणतात हे आहे, आणि तुम्हाला काय हवंय ते फक्त त्या ओळीत आहे. आपल्याकडे गाऊन म्हटलं की सकाळी दूधवाल्याला दार उघडतानाचा कॉटनचा गाऊन डोळ्यांसमोर येतो, म्हणूनही त्या शब्दाने दचकायला होतं. पण लांब हाताचा, अंगाला नीट बसणारा, घोट्यापर्यंतचा निळा ड्रेस, वर एखादा मोत्यांचा सर आणि खांद्यावर शाल, हे ६२ व्या वर्षी वाईट दिसतं असं कुणी सांगितलं? घालून पाहिलात आणि आवडला नाही तर ठेवून या. आवडला तर एक रात्र पैठणी, एक रात्र निळा ड्रेस.

उरलेल्या गोष्टी, ज्या तुमच्यासारख्या पहिल्यांदा निघालेल्या सगळ्यांनाच उपयोगी पडतील. मोठ्या बॅगा बंदरावर घेतात आणि खोलीत यायला संध्याकाळ होते. म्हणून पहिल्या रात्रीच्या जेवणाचे कपडे आणि सगळी औषधं हातातल्या पिशवीत ठेवा. पहिली रात्र सहसा फॉर्मल नसते, ती यासाठीच. शेवटच्या रात्री बॅगा झोपण्यापूर्वी खोलीबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे बाहेर काढायला विसरू नका. इस्त्री सोबत नेऊ नका, आगीच्या भीतीने खोलीत ती चालत नाही. बोटीवर पैसे देऊन इस्त्री करून मिळते, काही बोटींवर इस्त्रीची वेगळी खोली असते. पैठणी मलमलच्या कापडात सैल घडी करून न्या, पोचल्याबरोबर हँगरला लावा, आणि जरीवर सेंट मारू नका, काळी पडते. जूनमध्ये नॉर्वेत रात्री दहाच्या पुढेही उजेड असतो, त्यामुळे जेवण झालं की सगळे डेकवर जातात. तिथला वारा पदर उडवून नेतो आणि बाहेरच्या दारांना उंबरठे असतात. पदराला दोन पिना, साडी घोट्याच्या जरा वर, सपाट टाचेची चप्पल आणि एक जाड शाल. बंदरांवर उतरून फिरायला मात्र पँट, बूट आणि रेनकोट, कारण नॉर्वेतल्या बर्गन शहराचा पाऊस आपल्या जुलैची आठवण करून देतो.

जे वाचक मुंबईहूनच गोवा-लक्षद्वीपला बोटीने जाणार आहेत त्यांना यातल्या बऱ्याचशा गोष्टींची गरज पडणार नाही. छोटा प्रवास, बरोबरचे बहुतेक लोक आपलेच. रात्री चांगला कुर्ता किंवा शर्ट-पँट पुरे, फक्त पोहण्याचे कपडे आणि बनियन जेवणाच्या टेबलावर नकोत.

ताई, ब्लाऊज मात्र याच आठवड्यात शिवायला टाका. मे महिन्याची लग्नसराई सुरू झाली की शिंपी हाताला लागणार नाही. आणि त्याच फेरीत त्या दुकानात जा. निळा ड्रेस अजून असेल तर घालून बघा. यजमानांना बरोबर न्या, बूटही घ्यायचेच आहेत.